वुच ते क्षिष्तोफ : पोलिश वाचायला शिकताना

पोलिश भाषेशी माझा संबंध आला तो औषधांच्या पिशव्यांवर छापलेल्या नावांमुळे. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाउ या गावात मी फार्मासिस्ट म्हणून काम करते, आणि औषधे तयार झाली की रुग्णाचे नाव मोठ्याने पुकारावे लागते. २००४ साली पोलंड युरोपीय संघात आल्यानंतर ब्रिटनमध्ये पोलिश लोक मोठ्या संख्येने येऊ लागले. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ६ लाख १२ हजार लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा असल्याचे नोंदवले, आणि इंग्रजी व वेल्श सोडल्यास हा आकडा सर्वांत मोठा होता. त्यामुळे ज्यात एस, झेड, सी, वाय आणि डब्ल्यू यांचीच दाटी आहे असे नाव समोर आले नाही असा एकही दिवस जात नसे. माझे इंग्रज सहकारी अशा वेळी फक्त पहिले नाव पुकारत, किंवा जन्मतारीख सांगून सुटका करून घेत. पोलिश लिपी वाचणे हे माणसाच्या आवाक्यातले काम नाही, असेच त्यांचे प्रामाणिक मत होते. ज्या गावाच्या नावात शेवटी ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे आहेत, आणि तीच चार अक्षरे ‘रफ’, ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘कॉफ’ या शब्दांत चार वेगळ्या तऱ्हांनी उच्चारली जातात, त्या गावात बसून हे मत मांडले जात होते, ही गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात येत नव्हती.

जवळच्या एका शाळेत शनिवारी पोलिश मुलांचे वर्ग भरत, आणि त्याच मंडळींनी प्रौढांसाठी संध्याकाळचा एक वर्ग सुरू केला होता. तिथे मी नाव घातले. वर्गातले बहुतेक जण इंग्रजी मातृभाषेचे होते. काहींचे पती किंवा पत्नी पोलिश होत्या, एक निवृत्त अभियंता होते, एक समाजसेविका होती. बाईंनी पहिल्या तासाला व्याकरण काढलेच नाही. त्यांनी फळ्यावर चार अक्षरांचे एक शहराचे नाव लिहिले आणि ते वाचायला सांगितले. सगळ्यांनी ‘लॉड्झ’ असे वाचले, कारण इंग्रजी वर्तमानपत्रे, आणि त्यांच्या मागोमाग आपली मराठी वर्तमानपत्रेही, तसेच वाचतात. त्या शहराचा खरा उच्चार ‘वुच’ आहे. पहिल्या ‘एल’वर तिरपी रेघ आहे, म्हणून त्याचा ‘व’ होतो. ‘ओ’च्या डोक्यावर रेघ आहे, म्हणून त्याचा ‘उ’ होतो. ‘डी’ आणि रेघवाला ‘झेड’ मिळून ‘जीव’ शब्दातला ज होतो, आणि तो शब्दाच्या अगदी शेवटी आल्यामुळे त्याचा घोष, म्हणजे गळ्यातला कंप, जाऊन ‘चहा’तला च उरतो. चारही अक्षरांनी इंग्रजी वाचकाला चकवले होते, पण त्यांतले एकही अक्षर लहरीने वागले नव्हते. पुढचे सगळे शिक्षण मला या एका शब्दाचा विस्तार वाटते.

पोलिश वर्णमालेत ३२ अक्षरे आहेत. ‘क्यू’, ‘व्ही’ आणि ‘एक्स’ ही अक्षरे फक्त परक्या शब्दांपुरती येतात, आणि नऊ अक्षरांना रेघ, टिंब किंवा शेपटी आहे. या शेपटीला पोलिशमध्ये ‘ओगोनेक’ म्हणतात. त्याशिवाय ‘सी-झेड’, ‘एस-झेड’, ‘आर-झेड’, ‘सी-एच’ अशा जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडी हा एकच ध्वनी असतो. आठ व्यंजने एकापुढे एक दिसतात तेव्हा तोंडात प्रत्यक्षात चारच येतात, एवढे कळले तरी अर्धी भीती ओसरते.

माझ्या शेजारी बसणारे अभियंते प्रत्येक शब्दाखाली इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून घेत, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना स्वतःचेच अक्षर नीट वाचता येत नसे, कारण इंग्रजी स्पेलिंगवर कशाचाच भरवसा ठेवता येत नाही. मी सुरुवातीला त्यांच्याकडे पाहून तसेच करत होते. नंतर वही बदलली आणि पोलिश शब्दासमोर थेट देवनागरी लिहू लागले. पोलिश ‘सी’चा उच्चार ‘चमचा’ किंवा ‘पाच’ या शब्दांतल्या दंतमूलीय च सारखा असतो. इंग्रज विद्यार्थ्यांना शब्दाच्या आरंभी हा ध्वनी काढणे फार जड जाई आणि ते प्रत्येक वेळी ‘स’वर घसरत. रेघवाला ‘सी’ म्हणजे ‘चार’ किंवा ‘चहा’तला तालव्य च. मराठी माणूस चार आणि पाच हे आकडे मोजतानाच हे दोन्ही च वेगळे उच्चारतो, फक्त लिपीत त्यांच्यासाठी एकच अक्षर असल्यामुळे आपल्याला दोन ध्वनी येतात याची त्याला जाणीव नसते. ‘चमचा’चे अनेकवचन ‘चमचे’ करताना दुसरा च आपोआप तालव्य होतो. पोलिशमध्येही ‘आय’ हा स्वर मागच्या व्यंजनाला असेच मऊ करतो, म्हणून ‘सी’पुढे ‘आय’ आला की वर रेघ नसतानाही तो चहातला च समजायचा. ‘वुय्चिक’ हे अगदी सर्वसामान्य आडनाव याच नियमाने वाचता येते. ‘जे’ हा य असतो, ‘झेड’ हा ‘माझा’ शब्दातल्या झ च्या जवळचा, आणि प, त, क हे ध्वनी आपल्यासारखेच, श्वासाचा झोत न सोडता काढलेले. इंग्रज माणूस ‘पान’, म्हणजे पोलिशमध्ये ‘श्रीयुत’, हा शब्द आरंभीच्या प वर फुंकर मारून उच्चारतो. बाई त्याच्या ओठांसमोर कागदाचा कपटा धरून तो हलू नये असा सराव करून घेत. माझ्यापुढे तो कपटा त्यांना धरावा लागला नाही.

स्वरांच्या बाबतीत मराठी माणसाला आणखी सवलत मिळते. पोलिश ‘ए’ म्हणजे सर्वत्र आ, ‘यू’ म्हणजे सर्वत्र उ, आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसलेल्या अवयवातही (शब्दाच्या उच्चारतुकड्यातही) त्यांचा रंग फिका होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, १९४३ ते १९४८ या वर्षांत, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहत होते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रोमन लिपीतले ‘कोल्हापूर’ हे नाव पोलिश माणूस स्वतःच्या नियमांनी वाचतो तेव्हा ते जवळजवळ बिनचूक येते, आणि ‘पुणे’ही न आणि ण चा फरक सोडल्यास तसेच उतरते, याचे मला वर्गात मोठे कौतुक वाटले होते, कारण इंग्रजांच्या तोंडून ‘प्यून’ ऐकण्याची मला सवय झाली होती.

तरीही इंग्रजीमार्गे परदेशी नावे वाचण्याची आपली सवय मोडावी लागते, आणि मला हे काम उच्चार शिकण्यापेक्षा अवघड गेले. मराठीत आपण इंग्रजीतल्या ‘टी’ला ट आणि ‘डी’ला ड लिहितो. पोलिश ‘टी’ आणि ‘डी’ दंत्य आहेत, म्हणजे सरळ त आणि द. पोलंडचे पंतप्रधान ‘डोनाल्ड टस्क’ हे पोलिश कानाला ‘दोनाल्त तुस्क’ असतात आणि फुटबॉलपटू ‘लेवानडॉस्की’ हा ‘लेव्हान्दोफ्स्की’ असतो. मारी क्युरी यांचे माहेरचे आडनाव ‘स्क्वोदोफ्स्का’ आणि नोबेल मिळवणाऱ्या कवयित्री ‘व्हिस्वाव्हा षिम्बोर्स्का’. आपल्याकडे ही नावे छापताना मधे इंग्रजीचा एक पडदा असतो, आणि देवनागरीत लिहिण्याची पूर्ण सोय असूनही आपण तो पडदा बाजूला करत नाही.

एका ठिकाणी इंग्रज माझ्या पुढे होते, हे सांगायला हवे. पोलिश ‘डब्ल्यू’चा उच्चार खालच्या ओठावर दात टेकवून होतो आणि रेघवाल्या ‘एल’चा दोन्ही ओठ गोल करून. इंग्रजीत हे दोन ध्वनी वेगळे असल्यामुळे त्यांना हा भेद फुकटात मिळतो, तर मराठी व या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो. मी वहीत पहिल्यासाठी ‘व्ह’ आणि दुसऱ्यासाठी ‘व’ असे ठरवून टाकले, आणि मराठी छापखान्यांनी रूढ केलेल्या ‘व्ह’ या जोडाक्षराचा मला प्रथमच खरा उपयोग झाला. पोलंडचे माजी अध्यक्ष ‘व्हावेंसा’ यांच्या नावात दोन्ही लागोपाठ येतात. ते नाव आपण ‘वालेसा’ असे वाचत आलो, तेव्हा त्यातले पहिले दोन्ही व्यंजन आणि मधला नासिक्य स्वर असे तीन ध्वनी एकदम गमावले. रेघवाला ‘एल’ पूर्वी जाड ल सारखाच उच्चारला जाई आणि रंगभूमीवरचे नट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो तसा जपत होते. आजच्या बोलीत मात्र तो व आहे.

खरा घाम फुटला तो ‘एस-झेड’ आणि रेघवाला ‘एस’ यांपाशी. ‘काषा’ म्हणजे भरड धान्याची शिजवलेली लापशी आणि ‘काशा’ हे काताझ़िना या नावाच्या मुलीचे लाडके रूप. पहिल्या शब्दात जिभेचे टोक वर, किंचित मागे जाते. दुसऱ्यात टोक खाली राहून जिभेचा मधला भाग टाळूकडे उठतो. शाळेत आपल्याला ष हा मूर्धन्य आणि श हा तालव्य असे पाठ करायला लावतात, पण प्रत्यक्षात दोन्ही आपण श सारखेच म्हणतो आणि शुद्धलेखनात कुठे पोटफोड्या लिहायचा ते लक्षात ठेवतो. जो ष आपल्या बोलण्यातून नाहीसा झाला आहे, तो पोलिशमध्ये रोज लाखो वेळा उच्चारला जातो. बाईंच्या तोंडून ‘एस-झेड’ ऐकताना मला पहिल्यांदा समजले की माझ्या संस्कृतच्या शिक्षकांना ‘षट्कोण’ कसा हवा होता. याच जागेवरून येणारा तिसरा च, म्हणजे ‘सी-झेड’, मराठीत नाहीच. त्याच्यासाठी मी च खाली टिंब दिले, आणि टिंबवाल्या ‘झेड’साठी झ खाली. ‘वाय’ हा स्वर मात्र कुठल्याच चिन्हात बसेना. तो इ आणि अ यांच्या मधला असतो. ‘मारणे’ आणि ‘असणे’ ही दोन क्रियापदे केवळ ‘आय’ आणि ‘वाय’ यांच्या फरकाने वेगळी होतात, आणि माझ्या कानाला ती कित्येक आठवडे एकच ऐकू येत होती. अखेर बाईंनी सांगितलेला उपाय उपयोगी पडला: ओठ इ म्हणतानाचेच ठेवून जीभ जरा मागे ओढायची.

शेपटीच्या अक्षरांमध्ये एक विचित्र गोष्ट आहे. शेपटीवाला ‘ए’ हा आ चा नासिक्य नाही, तो ओ चा नासिक्य आहे. पोलिश दुकानात ‘पाच़्की’ म्हणजे पार्सले आणि ‘पोन्च़्की’ म्हणजे जाम भरून तळलेले गोड गोळे, आणि लिहिताना दोहोंत फरक एका शेपटीचा. पुढे कोणते व्यंजन येते त्यावर अनुनासिकाचे रूप ठरते. ब पुढे असेल तर म्, त किंवा च पुढे असेल तर न्, आणि क पुढे असेल तर ङ्. ‘दोम्ब्रोफ्स्की’ हे आडनाव त्याचे उदाहरण आहे. इंग्रज सहाध्यायांना हे प्रकरण स्वतंत्र नियमांची यादी करून पाठ करावे लागले. मराठीत ‘आंबा’, ‘अंत’ आणि ‘अंक’ यांवर आपण एकच अनुस्वार देतो आणि पुढच्या व्यंजनाकडे पाहून परसवर्ण उच्चारतो, तेव्हा मला त्यात शिकण्यासारखे काही उरले नव्हते.

यापेक्षाही अधिक आनंद घोषाच्या नियमांनी दिला. ‘ग्झ़ेगोष’ हे पुरुषाचे नाव लिहिताना ‘आर-झेड’ ही जोडी दोनदा येते, आणि दोन्ही वेळा तिचा उच्चार वेगळा होतो. आरंभी मागचा ग मृदू असल्यामुळे झ़, आणि शेवटी शब्द संपतो म्हणून कठोर ष. ‘क्षिष्तोफ’ या नावात मागे कठोर क आहे, म्हणून तीच जोडी तिथे ष होते आणि क् अधिक ष असे आपले शुद्ध क्ष तयार होते. ‘व्हुत्का’ या पेयाच्या नावात लिहिताना ‘डी’ असतो, पण पुढच्या क मुळे त्याचा त होतो. आपण शाळेत विपद् अधिक काल म्हणजे विपत्काल असा व्यंजनसंधी शिकलो, तोच हा नियम. फरक इतकाच की संस्कृत संधीचा परिणाम लिहून दाखवते, आणि पोलिश मूळ अक्षर तसेच ठेवून वाचणाऱ्यावर विश्वास टाकते. हा विश्वास अनाठायी नाही, कारण शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की दडलेला घोष परत येतो. ग्झ़ेगोषला हाक मारताना ‘पान्ये ग्झ़ेगोझ़ु’ म्हणावे लागते. वुच शहरात राहणारा माणूस ‘वोजी’त राहतो, आणि तिथे ज ही परत येतो आणि ओ ही. जुन्या पोलिशमध्ये ओ ऱ्हस्व आणि दीर्घ असा दोन प्रकारचा होता. दीर्घ ओ काळाच्या ओघात उ झाला, आणि त्याच्या डोक्यावरची रेघ तेवढी त्याच्या जुन्या कुळाची खूण म्हणून राहिली.

असे का, हे बाईंनी एका संध्याकाळी समजावून दिले. लॅटिन लिपी पोलिश ध्वनींसाठी बनलेली नव्हती, आणि तिची डागडुजी शतकानुशतके चालली. १४४० च्या सुमारास क्राकुफच्या विद्यापीठातले याकुब पार्कोषोव्हित्स यांनी मऊ आणि कठीण व्यंजनांसाठी वेगळ्या आकारांची अक्षरे सुचवणारा प्रबंध लॅटिनमध्ये लिहिला, पण तो कोणी अमलात आणला नाही. सोळाव्या शतकात पोलिश छपाई वाढली, तेव्हा काही ध्वनींना जोडाक्षरे मिळाली आणि काहींना चिन्हे, आणि ही मिश्र व्यवस्था तशीच स्थिरावली. ‘आर-झेड’ हा एके काळी चेक भाषेत आजही असलेला मऊ, थरथरता र होता. तो पुढे टिंबवाल्या ‘झेड’शी उच्चारात एकरूप झाला, पण लिहिण्यात वेगळा राहिला. म्हणून ‘समुद्र’ आणि ‘कदाचित’ यांचे पोलिश शब्द दोन्ही ‘मोझ़े’ असे ऐकू येतात. बुग नदी, बीच वृक्ष आणि देव हे तिन्ही शब्द ‘बुक’ असेच कानावर पडतात. १९३६ साली मोठी सुधारणा झाली, आणि १ जानेवारी २०२६ पासून मोठी अक्षरे व शब्द जोडून किंवा तोडून लिहिणे यांविषयी नवे नियम आले, पण या जुन्या जोड्यांना कोणीही हात लावला नाही.

त्यामुळे पोलिश वाचणे सोपे आणि ऐकून लिहिणे कठीण, अशी स्थिती आहे, आणि ती खुद्द पोलिश लोकांनाही चुकत नाही. आडनाव सांगताना ते आपसात ‘एर-झेत की टिंबवाला झेत’ असे विचारतात, जसे आपण ‘पहिली वेलांटी की दुसरी’ असे विचारतो. कातोव्हित्से शहरात पत्रकार क्रिस्तिना बोहेनेक यांनी १९८७ मध्ये राष्ट्रीय श्रुतलेखन स्पर्धा सुरू केली, आणि तिच्यात सुशिक्षित प्रौढ माणसे हौसेने भाग घेतात. आमच्या वर्गातही श्रुतलेखन होई. त्यात इंग्रज विद्यार्थी माझ्यापेक्षा सरस ठरत, असे मी निःसंकोच सांगते. ज्यांनी लहानपणापासून ध्वनीशी फारकत घेतलेली स्पेलिंगे डोळ्यांनी पाठ केली आहेत, त्यांना आणखी थोडी पाठ करणे जड जात नाही. मी मात्र जसे ऐकू येई तसे लिहीत असे.

आघाताचा नियम एका वाक्यात सांगता येतो: तो शेवटून दुसऱ्या अवयवावर पडतो, आणि प्रत्यय लागून शब्द लांबला की पुढे सरकतो. ‘मुझिका’सारखे काही परके शब्द अपवाद आहेत.

इतके शिकून दुकानात आले, तेव्हा एक नवीच अडचण लक्षात आली. आमच्या संगणकातल्या नोंदींत रेघा, टिंबे आणि शेपट्या येतच नाहीत. वुकाष तिथे साध्या ‘एल’ने सुरू होतो, मिहाव आणि पाव्हेव यांच्या शेवटी साधा ‘एल’ असतो, दोम्ब्रोफ्स्कीच्या ‘ए’ला शेपटी नसते. वाचायचे नियम अचूक येत असूनही समोरचे लेखनच अपुरे, म्हणून आता नाव वाचण्याआधी ते मनात दुरुस्त करावे लागते. त्यासाठी मी हळूहळू काही आडाखे बांधले. ‘-न्स्की’ने संपणाऱ्या आडनावातला न बहुतेक नेहमी रेघवाला, म्हणजे ञ कडे झुकणारा असतो. ‘एल’पुढे ‘आय’ असेल तर तो साधारणपणे खरोखरच ल असतो, म्हणून ‘लिस’ हे आडनाव लिसच राहते. मावगोझ़ाता, एल्झ़्ब्येता, आग्न्येष्का अशी स्त्रियांची नावे तर ठरलेलीच. पण लास्की आणि वास्की ही दोन्ही आडनावे खरी आहेत, आणि चिन्हे गळाल्यावर त्यांना वेगळे करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारक यान वास्की लंडनमधल्या परदेशी प्रॉटेस्टंटांच्या चर्चचे प्रमुख होते, आणि त्यांचेही नाव इथल्या कागदपत्रांत ‘आ लास्को’ असेच उतरले आहे. त्यांच्या काळी तो ध्वनी ल सारखाच असल्यामुळे त्या कारकुनाला दोष देता येत नाही. आज मात्र मी अशा वेळी सरळ विचारते की ‘एल’ साधा की रेघवाला. प्रश्न पोलिश संज्ञेत विचारला गेला की उत्तर देणाऱ्याचा आवाज जरा खुलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सहकाऱ्यांसाठी मी शेवटी एक पानभर तक्ता केला. त्यात डब्ल्यू, जे, सी, रेघवाला एल, रेघवाला ओ, सी-झेड, एस-झेड, आर-झेड आणि आघात इतकेच घेतले आहे, आणि प्रत्येकासमोर एक नेहमीचे आडनाव दिले आहे. घोषाचे नियम त्यात घेतले नाहीत, कारण ‘कोव्हाल्स्की’ किंवा ‘नोव्हाक’ म्हणणाऱ्या इंग्रजाची जीभ ते निम्मे आपणहून पाळते. ष आणि श यांचा भेदही मी गाळला. इंग्रजी ‘श’ त्या दोहोंच्या मधोमध पडतो आणि कोणत्याही पोलिश माणसाला समजतो. काशा नावाची मुलगी औषध न्यायला आली आणि कोणी तिला काषा म्हणून पुकारले, तरी औषधांच्या दुकानात लापशी मिळत नसल्यामुळे गोंधळ होत नाही.